श्वास रोखा

पस्तीस वर्षांच्या शिवणकामाने मावशींच्या जिभेला वळणच पडलं होतं. कमरेला टाचण्या लावताना समोर कोणीही असो, त्या म्हणत, "श्वास रोखा हं." टाचण्या लावून झाल्या की म्हणत, "सोडा."

त्या दुपारी समोर नुसता लाकडी पुतळा होता, लेकीच्या मापाचा. त्याच्या अंगावर जुन्या काळच्या एका नटीचा काळा मखमली झगा. तिचा सिनेमा लागला की तसेच उंच खांदे शिवून घ्यायला शिंप्यांकडे रांगा लागत. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. झगा लेकीने हौसेने लिलावात घेतला होता, फक्त कमरेत जरा सैल होता.

"श्वास रोखा हं," मावशी सवयीने म्हणाल्या.

झग्याची कमर बोटभर आत गेली.

"चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं," मावशी पुटपुटल्या आणि त्यांनी भराभर टाचण्या लावल्या. तेवढ्यात फोन वाजला. "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी शिवलेला झगा लेकीने घातला. अगदी अंगाबरोबर बसला. आरशासमोर गिरकी घेत ती म्हणाली, "आई, जणू माझ्यासाठीच शिवलाय गं!"

तेव्हा मावशींना आठवलं. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "सोडा."

लेकीच्या मानेजवळ कोणीतरी लांब सुस्कारा टाकला. मखमल सैलावली.

"आई, मी नाही गं," लेक कुजबुजली.

मग झगा पुन्हा आत ओढला जाऊ लागला. या वेळी मावशी काहीच म्हणाल्या नव्हत्या.