गोळी लागल्यावर

लष्कराच्या सरावासाठी आभासी लढाईचं सॉफ्टवेअर कोणत्या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचं, हे ठरवायचं काम प्रगतीकडे आलं. पायथन सोपी होती, पण तिच्यात गोळी लागलेला जवान पडद्यावर जरा उशिरा पडायचा. सी प्लस प्लसमध्ये तो लागलीच कोसळला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. प्रगतीला काहीच वाटलं नाही.

रविवारी ती खुटबावला घरी गेली. थोरला भाऊ शंभू सीमेवर गोळी लागून गेला, तेव्हापासून आई कामापुरतंच बोलायची.

"हापिसात काय करतीस गं?" भाकरी थापता थापता आईने विचारलं.

"गोळी लागली की जवान लगेच पडला पाहिजे, ते जमवलं."

आईचा हात परातीतच थांबला.


"आन् त्यो उठतो कवा?"