गॅलरीतले वकील

ज्युरीच्या पहिल्या रांगेत बसलेली अलका पद्माकरांना गॅलरीतून नीट दिसत होती. काय तो थाट! ताठ मान, हातात पेन. साताऱ्याच्या कोर्टात काळा कोट घातला तो ह्यांनी, लंडनजवळ क्रॉयडनला येऊन कौन्सिलच्या पार्किंग ऑफिसात झिजले तेही हेच, आणि ज्युरीसाठी मतदारयादीतून कॉम्प्युटरने नाव निवडलं ते बायकोचं. सोफ्याचा रंगही नवऱ्याला विचारून ठरवणारी बाई आता माणसाला आत टाकायचं की सोडायचं ते ठरवणार. पद्माकरांच्या पोटात दुखत होतं, अगदी मनापासून.

घरी ती खटल्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. "जजनी बजावलंय," म्हणायची आणि भाजी चिरत राहायची. म्हणून आज रजा टाकून, तिला पत्ता लागू न देता, नोकिया बंद करून ते इथे येऊन बसले होते.

आरोपी विशीतला पोरगा. चाकू दाखवून दुकान लुटल्याचा आळ. "हाच तो, मी चेहरा नीट पाहिलाय," दुकानदार साक्षीत सांगत होता. पद्माकरांनी जोरात नकारार्थी मान हलवली. अलकाची नजर वर गेली आणि त्यांच्यावर थबकली. त्यांनी पुन्हा मान हलवली, चारचौघांत ती काही बोलायला लागली की हलवायचे तशीच.

अलकाने खाली बघून एक चिठ्ठी लिहिली. काळा गाऊन घातलेल्या कोर्टाच्या बाईंनी ती जजला नेऊन दिली. जजने चिठ्ठी वाचली आणि अलकाकडे बघून अदबीने म्हटलं, "थँक यू, मॅडम."

पद्माकरांचा नुसता जळफळाट झाला. साताऱ्यात त्यांचा युक्तिवाद चालू असताना जज जांभया द्यायचे. असं काय विचारलं असेल हिने?

तेवढ्यात त्या गाऊनवाल्या बाई वर आल्या, थेट त्यांच्यापाशी. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमच्या मिसेसची विनंती आहे. तुम्ही बाहेर जावं."

संध्याकाळी अलका दारातून आत येते तोच ते कडाडले, "नवऱ्याला हाकलून दिलंस? भर कोर्टात?"

"तुम्ही मान हलवलीत, आणि मला लगेच तेच खरं वाटायला लागलं," अलका म्हणाली. "त्या पोराचं आयुष्य आहे, अहो. उद्या निर्णय चुकला, तर झोप माझी उडायला हवी. तुमची नाही."