रेघेबाहेरचा रंग

“हा निळा असा रेघेबाहेर कसा गेला?” मुंबईच्या बाईंनी चित्राजवळ वाकून विचारलं.

बाई कला महाविद्यालयात शिकवत. महिन्यापूर्वी नाशकातल्या एका लहानशा प्रदर्शनात त्यांनी देवरामचं एक चित्र पाहिलं होतं आणि आज रविवारी पत्ता शोधत त्या सातपूर कॉलनीतल्या त्याच्या दोन खोल्यांत आल्या होत्या. कॉटवर, ट्रंकेवर, शिलाई मशीनला टेकून, जागा मिळेल तिथे चित्रं मांडली होती. कारखान्यात माल तपासणाऱ्या माणसाची चित्रं बघायला आजवर कुणी घरी आलं नव्हतं.

“मी नाही नेला, बाई,” देवराम म्हणाला. “जुन्या इराणी चित्रांत तसंच असतं.”

त्यानं खिळ्यावरचं कॅलेंडर काढून त्यांच्यापुढं धरलं. बारा महिन्यांची बारा चित्रं. साल संपल्यावर एका इराण्याच्या हॉटेलातून त्यानं ते मागून आणलं होतं. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती. बागेत राजा बसलेला, पण त्याच्या अंगरख्याचा लाल त्याला सोडून शेजारच्या फांदीवर गेलेला. आभाळाचं सोनं घोड्याच्या पाठीवर उतरलेलं.

“बघा ना,” देवराम बोलायला लागला आणि मग थांबेना. “रंग रेघेचं ऐकतच नाही. राजाचा लाल राजापाशी थांबत नाही. चारशे वर्षांमागं कुणाला तरी हे सुचलं, बाई! मी नुसता त्याच्या मागनं गेलो. राजा पुसला, घोडा पुसला, झाडं पुसली. एक-दोन रेघा आणि सुटलेले रंग तेवढे ठेवले.”

बाईंनी दोन-तीन पानं उलटली. मग काहीशा घुटमळत त्यांनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं.

“तुमच्या चित्रावरून मला इराणी चित्रंच आठवली होती. म्हणून हे तुमच्यासाठी आणलं.”

त्यांनी पान काढून दिलं. तीच बाग. तोच राजा. लाल रंग अंगरख्यात होता, शेवटच्या टोकापर्यंत भरलेला. राजाच्या पापण्या मोजता येत होत्या. गवताचं पातं न् पातं आपल्या रेघेत उभं होतं.

“कॅलेंडर छापताना ठसे सरकलेत, देवराम,” बाई हळूच म्हणाल्या. “प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा असतो. तो हलला की रंग बाजूला पडतो. बघा, सगळ्या पानांवर उजवीकडे खालीच गेलाय.”

देवराम पुस्तक घेऊन खिडकीशी गेला. कारखान्यात केसाएवढा फरक असलेला तुकडा तो नुसत्या नजरेनं बाजूला काढायचा. त्याच नजरेनं तो एकेक पान बघत राहिला. कुठं तरी, एखाद्या फुलापाशी, एखाद्या बाहीपाशी, रंगाचा एक कण तरी बाहेर आलेला असेल. चहा आला, निवला. त्याला तो कण सापडला नाही.

मागून बाई बोलत होत्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता. “अहो, तुमच्या लक्षात येतंय का? असं आधी तिथं कुणी केलंच नव्हतं! हे सगळं तुमचं एकट्याचं आहे.”

“हो,” देवराम म्हणाला.

मुंबईच्या प्रदर्शनासाठी बाईंनी तीन चित्रं निवडली, वर्तमानपत्रात गुंडाळली. देवरामनं ती रिक्षात नेऊन ठेवली, हात जोडले. पुस्तक त्या ठेवून गेल्या.

तो परत आला तेव्हा त्याची बायको, कुसाबाई, दारातच उभी होती. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

“मुंबईला लागणार ना चित्रं? शेजारच्या रंगूबाईला सांगून येऊ?”

“सांग.”

ती निघाली आणि उंबऱ्यातून मागं वळली. तो कॉटच्या कडेला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे टाकून.

“अहो, काय झालं? बाई तर चांगलंच म्हणाल्या की.”

“चांगलंच म्हणाल्या. मला वाटायचं, तिकडं कुणीतरी होतं. आपल्याला जे दिसतं, ते त्यालाबी दिसलं होतं. त्याच्याशीच मनात बोलत काढत होतो मी. कुणीच नव्हतं, कुसा. बारा वर्षं मी एकटाच होतो.”

कुसाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. रंगूबाईकडं ती गेली नाही. निवलेल्या चहाच्या कपबशा उचलून ती आत गेली.

बारा वर्षं रोज संध्याकाळी, डिंकाच्या पाण्यात भुकटी कालवून, त्याचे रंग तीच खलून देत होती.