आग आणि चोरी

"चोरीचा विमा नकोच," शामला तिसऱ्यांदा म्हणाली. "आगीचा पुरे आहे. बाजूले लाकडाची वखार, आपल्या बारा घरांच्या भिंती एकमेकीले चिकटून. आग लागन त साऱ्यांले लागन. चोर कोण येते इथं?"

तिचा नवरा चंपतराव आरशासमोर भांग पाडत होता. "तू काहून एवढी मागं लागून राहिली वं? तुह्यासाठीच त घेऊन राहिलो. तुह्या गळ्यातल्या सोन्याच्या एकदाणीचा फासा तुटला होता, त मी सोता इतवारीत सोनाराकडे नेऊन दुरुस्त करून आणला का नाई? एवढी काळजी आहे मले. उद्या तुह्या पाटल्या गेल्या म्हणजे?"

शामलाच्या पाटल्या गेल्याच होत्या, मागच्या उन्हाळ्यात. डबीत होत्या त्या पितळेच्या, वरून सोन्याचं पाणी दिलेल्या.

झालं असं, की नरखेडला तिच्या भावाच्या विहिरीवरचा पंप जळाला अन् संत्र्याची झाडं उभ्या उभ्या सुकायला लागली. चंपतराव म्हणाला, माझ्या घरातलं काही तुझ्या माहेरी जाणार नाही, अन् गेलं तर त्याच्या मागं तूही जा, परत येऊ नको. तो बोलतो ते करतो. स्वतःच्या सख्ख्या भावाशी तो नऊ वर्षं बोललेला नव्हता. तरी शामलानं चोरून भावाला पाटल्या दिल्या. बगीचा वाचला. थंडीत भावानं टोपलीभर संत्री पाठवली, तर चंपतरावनं बसल्या बैठकीला सहा खाल्ली अन् म्हणाला, "गोड आहे वं साल्याचा बगीचा."

आता हा विमा आला होता. सोसायटीचा नियम म्हणजे बारा घरं मिळून एकच विमा. एजंटनं दोन फॉर्म आणले. एक फक्त आगीचा. दुसरा आग अन् चोरी, दोन्हीचा. दुसरा घेतला तर कंपनीचा सोनार घरोघरी जाणार, एकेक दागिना कसोटीच्या दगडावर घासून पाहणार, मगच सही.

ते ऐकल्यापासून शामलानं डबीची जागा तीनदा बदलली होती. चारचौघांत तोंड उघडून नको म्हणायचीही सोय नव्हती. पहिल्याच मीटिंगमध्ये चार नंबरच्या प्रयागबाई हातातल्या बांगड्या वाजवत म्हणाल्या होत्या, "ज्याच्या घरचं सोनं खोटं, तोच नको म्हणन बाप्पा." सगळे हसले. शामलाही हसली. त्यानंतर जो उठला तो चोरीच्याच बाजूनं बोलला. सेक्रेटरी रुपरावजी तर अर्धा तास बोलले.

शेवटी म्हातारे दादाजी मास्तर म्हणाले, "तोंडं पाहून मत देऊ नका. चिठ्ठ्या टाका. नाव लिहू नका. एका घराची एक."

तो रविवार आज होता.

चंपतरावनं खिशातून खापरखेड्याच्या पॉवर हाऊसची गुलाबी ड्युटी-स्लिप काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर खिडकीशी वळून काहीतरी लिहिलं अन् घडी घातली.

"काय लिहिलं?"

"दोन्ही. अजून काय लिहीन?"

शामला दारात आडवी उभी राहिली. सोनारानं सगळ्यांसमोर सांगण्यापेक्षा आपणच सांगावं, असं तिनं ठरवलं. "ऐका ना. मले एक सांगायचं आहे तुम्हाले."

"आल्यावर सांग."

"आत्ताच सांगतो."

"आधी मत टाकू दे वं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला अन् बाजूनं निघून गेला.

ती मागोमाग गेली. घरांसमोरच्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकली होती. एजंटच्या शेजारी सोनार येऊनच बसला होता. पिशवी उघडी, कसोटीचा काळा दगड रुमालावर काढून ठेवलेला.

"एक नंबरच्या घरापासूनच सुरू करू," एजंट म्हणाला.

शामलाचं घर एक नंबरचं होतं.

"आधी निकाल त लागू दे गा," कोणीतरी म्हणालं.

बिस्किटाच्या डब्यात बारा चिठ्ठ्या पडल्या. रुपरावजींनी डबा हलवला, चष्मा लावला, पहिली उघडली.

"फक्त आग."

शामलानं मान वर केली. आपल्यासारखं अजून कोणीतरी आहे तर.

"फक्त आग," दुसरी.

"फक्त आग," तिसरी.

पाचव्या चिठ्ठीला प्रयागबाईंच्या हातातला पंखा थांबला. सातवीला एजंटनं दोन्हीचा फॉर्म हळूच बॅगेत सरकवला. सात मतं झाली, म्हणजे निकाल लागलाच होता, पण थांबा म्हणायला कोणी तयार नव्हतं. नववी चिठ्ठी निळ्या पेन्सिलीनं लिहिलेली होती. सोसायटीत निळी पेन्सिल एकटे रुपरावजी वापरत.

"फक्त आग," त्यांनी वाचलं, अन् आवाज एकदम बारीक झाला.

आता कोणी कोणाकडं बघत नव्हतं. जो तो सतरंजीचे पट्टे मोजत होता. दहावी. अकरावी. शामलाला इतकं हलकं वाटत होतं, की हसू येऊ नये म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. सुटलो बाप्पा. आता सांगायचं काही कामच नाही. एकट्या आपल्या नवऱ्याचं मत चोरीला पडणार, अन् एका मतानं काय होते?

डब्यात शेवटची चिठ्ठी उरली होती, गुलाबी.

रुपरावजींनी ती उघडली, एकदा उलटी करून पाहिली, परत सुलटी केली.

"फक्त आग."

सोनारानं दगड रुमालात बांधला. चंपतराव मान खाली घालून सतरंजीचा एक सुटलेला दोरा ओढत बसला होता, ओढतच बसला होता.

शामलानं बदलल्या होत्या त्या फक्त पाटल्या. एकदाणी घेऊन इतवारीत तोच गेला होता.