पातळ तेल

आजारपणात धाकटा भाऊ वाळून निम्मा झाला, तरी ताईनं आपल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात त्याच्या डोंगरी सायकलच्या पुढच्या, धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये पूर्वीचंच दाट तेल भरलं. हलक्या माणसाला पातळ तेल लागतं, पण ते भरलं तर ‘तू खंगलास’ हे त्याला तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं. त्याच्या हलक्या अंगाखाली शॉक दबेचना. प्रत्येक उतारावरून तो मनगटं सुजवून परते. “ताई, हा शॉक आहे की पहार?” “तुझीच सवय मोडलीय, शहाण्या.” त्यानं ते खरं मानलं आणि सायकल विकायला काढली. आज गिऱ्हाईक आलं, एक किडकिडीत मुलगी. ताईनं तिच्या वजनाला साजेसं पातळ तेल भरलं. भाऊ शेवटचं म्हणून सायकलवर बसला आणि दुकानाच्या पायऱ्यांवरून खाली आला. शॉक अलगद दबला. “ताई, असा शॉक तर मलाही झेपला असता!” मुलीनं हसत त्याच्या हातून हँडल घेतलं.