गुप्त तक्रारीचा सत्कार

तक्रारीत शिवलीलाचा फायदा म्हणाल तर एवढाच, की कागदावर रोज येणारा पाण्याचा टँकर तिच्या सोनारीकडच्या माहेरी खराखुरा आला असता. म्हणून परंड्याच्या कचेरीतल्या या कारकूनबाईनं, नाव गुप्त राहील या हमीवर, टँकरवाल्याविरुद्ध सहीनिशी अर्ज तक्रारपेटीत टाकला. पेटीवरचा लोकांचा भरवसा तपासायला जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी तो वाचला आणि खुशीत सभाच बोलावली. “भरवसा वाढवायचा तर अशा धाडसी भगिनीचा सत्कार व्हायलाच हवा!” माईकवर तिचं नाव घुमलं. “साहेब, गुप्त ठेवणार होता ना?” ती कुजबुजली. “भिता कशाला, बाई? आम्ही आहोत ना!” कचेरीतल्या प्रत्येक सत्काराला शाल-नारळ टँकरवालाच आणायचा, आजही तोच पुढं झाला. “ताई, लई गुणाच्या निघालात की!” साहेबांचा अहवाल झकास झाला, टँकरवाल्याचं कंत्राट टिकलं, शिवलीलाची बदली मात्र लांब उमरग्याला. माहेरी पाणी पोचलं, ते त्या नारळातलं.