शेवटी बोलणारा

"आता तू वाट," म्हणत नाडकर्णींनी पत्त्यांचा कॅट शेजारी बसलेल्या तळवलकरांपुढे सरकवला. क्लबातल्या या पोकरमध्ये सगळ्यांत हलके पत्ते जिंकतात. वाटणाऱ्याच्या शेजारचा आधी बोलतो, वाटणारा सगळ्यांत शेवटी. कोण किती पत्ते बदलतो ते बघायचं, समोरच्यांचा अंदाज घ्यायचा, मगच तोंड उघडायचं. वीस वर्षं तळवलकर असेच जिंकत आले होते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "आईंचा व्हेंटिलेटर काढायचा का?" सवयीने तळवलकर गप्प राहिले. आधी भावाबहिणीचं ऐकू, मग बोलू. भाऊ म्हणाला, "दादा म्हणेल तसं." बहिणीनेही मान डोलावली. मग सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"काढा," ते म्हणाले. स्मशानातून येऊन आंघोळ केली, शेजाऱ्यांनी आणलेला पिठलंभात जेवले. रडू तेव्हा आलं नाही, तेराव्यालाही नाही.

"अरे, वाट की," नाडकर्णी म्हणाले. "तुझी आवडती जागा आलीय."

तळवलकरांनी कॅट उचलला आणि परत नाडकर्णींपुढे ठेवला.

"तूच वाट," ते म्हणाले. "मला आधी बोलू दे."